आठांपैकी पाच : मूत्राशयाचं दुखणं आईकडून येतं का?

गेल्या दिवाळीत माझ्या मावसबहिणीने मला फोनवर एक प्रश्न विचारला आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. उत्तरातला आकडा खरा होता, तरी उत्तर चुकलं होतं. हा लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे. थोडी लांबलेली आहे, पण वाचा.

मावशीला गेली बारा-तेरा वर्षं ओटीपोटात दुखतं. लघवी साठायला लागली की दुखणं वाढतं, जाऊन आलं की जरा बरं वाटतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तेच. रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं. एसटीचा प्रवास तिने कधीच सोडला. लग्नाला गेली तरी आधी बाथरूम कुठे आहे ते बघणार, मग खुर्ची धरणार. दरवेळी युरिन इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचा कोर्स व्हायचा आणि दरवेळी लघवीचं कल्चर कोरं यायचं. एका डॉक्टरांनी तर "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तुम्ही टेन्शन घेणं बंद करा" असं म्हणून फाइल परत दिली. शेवटी दुसऱ्या एका युरॉलॉजिस्टनी दुर्बिणीतून तपासणी केली आणि आजाराचं नाव सांगितलं: इंटरस्टिशियल सिस्टायटिस. आता याच गटाला ब्लॅडर पेन सिंड्रोम असंही म्हणतात.

नाव कळल्यावर बहिणीचा फोन आला. "ताई, आईला आहे म्हणजे मलाही होणार का?"

मी जेनेटिक्समध्ये पीएचडी करते. माझा विषय हा आजार नाही, पण घरच्यांच्या लेखी "जेनेटिक्सवाली" म्हणजे सगळं जेनेटिक्स. मी फोन चालू ठेवूनच शोधलं, एका पेपरचा सारांश सापडला आणि वाचून दाखवला: रुग्णांच्या जवळच्या स्त्री-नातेवाइकांमध्ये हा आजार १७ पट जास्त आढळतो. ती गप्पच झाली. थोड्या वेळाने "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी तो पेपर पूर्ण वाचला. मग त्याच्या आधीचे वाचले, नंतरचे वाचले. हा आजार आनुवंशिक आहे का, या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदललंय. आणि ते का बदललं हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, कारण मुळात रुग्ण कुणाला म्हणायचं हेच सतत बदलत आलंय.

दुर्बिणीत सापडलेला व्रण

संसर्ग नाही, मुतखडा नाही, तरी मूत्राशय दुखतंय, ही तक्रार नवी नाही. फिलाडेल्फियाच्या जोसेफ पॅरिश या डॉक्टरांनी १८३६ मध्ये असे रुग्ण नोंदवले आणि त्या दुखण्याची तुलना चेहऱ्याच्या नसेतून येणाऱ्या तीव्र कळांशी केली. इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे नाव ब्रुकलिनच्या अलेक्झांडर स्कीन यांच्या १८८७ च्या पुस्तकातून रूढ झालं. इंटरस्टिशियल म्हणजे आतल्या अस्तराच्या मागचा, भिंतीतला भाग. सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा दाह.

पण या आजाराशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते गाय हनर, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९१५ मध्ये त्यांनी आठ स्त्रियांच्या केसेस छापल्या. या बायका वर्षानुवर्षं दुखणं सहन करत होत्या आणि अनेक ठिकाणी दाखवून थकल्या होत्या. हनरना त्यांच्या मूत्राशयाच्या अस्तरावर लालसर, सहज रक्त येणारे डाग दिसले. त्यांनी त्याला व्रण म्हटलं.

आता हे दिसायचं कसं, ते बघा. त्या काळी हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली यांची दुर्बीण वापरत. रुग्णाला गुडघे आणि छाती टेकवून ओणवं ठेवायचं, म्हणजे मूत्राशयात हवा शिरून ते फुगायचं. मग डॉक्टर कपाळावरच्या आरशाने उजेड परावर्तित करून नळीतून आत बघायचे. एका वेळी अगदी लहानसा तुकडा दिसायचा. साहजिकच हनरना जे दिसलं ते इतर अनेकांना दिसेना. हनरनी स्वतःही पुढे लिहिलं की हा व्रण हुलकावणी देणारा आहे. आज आपल्याला माहीत आहे की तो खऱ्या अर्थाने व्रण नसतोच, दाह झालेला पट्टा असतो, आणि तो या तक्रारीच्या सगळ्या रुग्णांमध्ये सापडत नाही. सापडतो तो थोड्यांमध्ये.

हे "थोड्यांमध्ये" लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला इथेच परत यायचंय.

"टेन्शन घेऊ नका"

दिसत नाही म्हणजे नाही, असा निष्कर्ष काढायला फार वेळ लागला नाही. १९४९ मध्ये पोर्टलंडच्या जॉन हँड यांनी २२३ रुग्णांचा मोठा आढावा छापला. त्यात २०४ स्त्रिया आणि १९ पुरुष होते. अस्तराखाली ठिपक्यांसारखा रक्तस्राव होतो, हे त्यांनी नोंदवलं. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर बराच काळ या आजाराकडे रजोनिवृत्तीच्या वयातल्या, चिंताग्रस्त बायकांची तक्रार म्हणून बघितलं गेलं. १९७० च्या दशकात युरॉलॉजीच्या एका मान्यवर पाठ्यपुस्तकात तर त्याची जागा मनोकायिक विकारांच्या प्रकरणात होती. मावशीला मिळालेला "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला त्याच पुस्तकी परंपरेतला आहे.

१९७५ मध्ये हेलसिंकीच्या ओराविस्टो यांनी पहिल्यांदा नीट मोजणी केली. दर लाख स्त्रियांमागे साधारण १८. म्हणजे अगदी दुर्मिळ.

मग १९८० च्या दशकात व्हिकी रॅटनर ही अमेरिकेतली वैद्यकीय विद्यार्थिनी स्वतःच या दुखण्याने आजारी पडली. एकामागून एक डॉक्टर झाले, कुणाला काही सापडेना. शेवटी तिने ग्रंथालयात बसून १९७८ चा एक पेपर शोधला आणि स्वतःचं निदान स्वतःच केलं. १९८४ मध्ये तिने इंटरस्टिशियल सिस्टायटिस असोसिएशन ही रुग्णसंघटना सुरू केली. १९८७ मध्ये ती टीव्हीवर या आजाराबद्दल बोलली आणि संघटनेकडे पत्रांचा पाऊस पडला. दुर्मिळ म्हणवल्या जाणाऱ्या आजाराचे रुग्ण अचानक सगळीकडे होते.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या मूत्रपिंड आणि पचनविकार विभागाने तज्ज्ञांना बोलावून संशोधनासाठी निकष ठरवले: भूल देऊन मूत्राशय फुगवायचं, आत ठिपके किंवा हनरचे डाग दिसले पाहिजेत, शिवाय दुखणं किंवा सारखी घाई हवी. निकष फक्त संशोधनासाठी होते, पण दवाखान्यांतही तेच लावले जाऊ लागले. १९९९ मध्ये तपासून पाहिलं तेव्हा कळलं की अनुभवी डॉक्टर ज्यांना नक्की किंवा बहुधा हाच आजार आहे असं म्हणत होते, त्यांतले ६० टक्क्यांहून जास्त रुग्ण हे कडक निकष लावले तर गळून जातात.

आठांपैकी पाच

आता आपण जेनेटिक्सकडे येतोय, आणि गंमत म्हणजे परत बाल्टिमोरमध्येच. मेरीलंड विद्यापीठातले जॉन वॉरन हे संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: हा आजार जुळ्यांमध्ये कसा दिसतो?

जुळ्यांचा तर्क थोडक्यात सांगते. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली जुळी म्हणजे एकबीज. त्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात. दोन वेगळ्या बीजांपासून झालेली द्विबीज जुळी इतर भावंडांसारखीच, सरासरी निम्मी जनुकं सारखी असलेली. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढतात. म्हणून एखादा आजार एकबीज जुळ्यांत दोघांनाही होताना जास्त दिसला आणि द्विबीज जुळ्यांत कमी, तर जनुकांचा हात असण्याची शक्यता वाढते.

वॉरन यांनी रॅटनरच्या रुग्णसंघटनेच्या सभासदांना विचारलं: तुमच्यापैकी जुळं कोण आहे? २००१ मध्ये निकाल छापून आला. एकबीज जुळ्यांपैकी एक आजारी असलेल्या ८ जोड्या होत्या. त्यांतल्या ५ जोड्यांत दुसऱ्या भावंडालाही हा आजार नक्की किंवा बहुधा होता. द्विबीज जोड्या २६. त्यांत दुसरं भावंड आजारी असलेली जोडी: शून्य.

आठांपैकी पाच आणि सव्वीसांपैकी शून्य. ज्या बायकांना आयुष्यभर "मनाचे खेळ आहेत" असं ऐकवलं गेलं, त्यांच्यासाठी हा आकडा काय असेल याचा विचार करा. दुखणं जनुकांच्या वाटेने जात असेल तर ते शरीरात कुठेतरी आहे, असं आता म्हणता येत होतं.

पण गाईडने मला पहिल्या वर्षात एक सवय लावलीय. आकडा बघण्याआधी विचारायचं, यात आले कोण आणि राहिले कोण? संघटनेचं पत्र आल्यावर उत्तर कोण पाठवणार? जिची जुळी बहीणही आजारी आहे, ती नक्की पाठवणार, कारण तिला यात काहीतरी आहे असं वाटतंच. जिची बहीण ठणठणीत आहे, ती कदाचित पत्र बाजूला ठेवेल. त्यात ८ जोड्या म्हणजे संख्याही लहान. वॉरन यांचा आकडा दिशा दाखवणारा होता; किती ते सांगणारा नव्हता.

सतरा पट म्हणजे नक्की किती?

२००४ मध्ये वॉरन यांच्याच गटाने रुग्णांच्या आई, बहिणी, मुली यांची माहिती गोळा केली. मी फोनवर वाचून दाखवला तो पेपर हाच. त्या नातेवाईक स्त्रियांमध्ये आजाराचं प्रमाण लाखाला जवळपास १०००, म्हणजे शंभरात साधारण एक. त्याआधी अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण लाखाला ६० च्या आसपास मिळालं होतं. १००० भागिले ६० केलं की झाले १७ पट.

तुमच्या लक्षात आलंय का, मी काय केलं होतं ते? "सतरा पट" सांगितलं. पण त्याच पेपरप्रमाणे शंभरातल्या नव्व्याण्णव नातेवाईक स्त्रियांना हा आजार नव्हता, हे सांगितलं नाही. एक तिकीट आणि सतरा तिकिटं यांत सतरा पट फरक असतो. लॉटरी लागायची शक्यता दोन्हीकडे कमीच.

शिवाय त्या भागाकारातला खालचा आकडाही पक्का नाही. २०११ मध्ये रँड या संशोधन संस्थेने अमेरिकेत घरोघरी फोन करून निदान न विचारता थेट लक्षणं विचारली. १८ वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये अशी लक्षणं २.७ ते ६.५ टक्क्यांना होती, आणि त्यांतल्या दहातल्या जेमतेम एकीला या आजाराचं निदान मिळालेलं होतं. म्हणजे हेलसिंकीत लाखाला १८, परिचारिकांत ६०, आणि इथे काही हजार. बायकांची शरीरं तीच. मोजायचं माप बदललं. एका मापाने घेतलेला अंश आणि दुसऱ्या मापाने घेतलेला छेद एकत्र केले की "पट" काहीही येऊ शकते.

स्वीडनची जुळी

२०११ मध्येच जुळ्यांचा प्रश्न नव्याने विचारला गेला. स्वीडनमध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. रुग्ण आहात का, हे न बघता तिथल्या २० ते ४६ वयाच्या सगळ्या जुळ्यांना प्रश्नावली पाठवली गेली आणि पंचवीस हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली. संघटनेच्या सभासदांपुरता प्रश्न राहिला नव्हता, त्यामुळे "कोण उत्तर देणार" ही अडचण पुष्कळ कमी झाली.

निकाल: स्त्रियांमध्ये या तक्रारीची प्रवृत्ती कमी-जास्त असण्यामागे जनुकांचा वाटा एक तृतीयांशापेक्षा कमी. उरलेला मोठा वाटा जनुकांबाहेरच्या गोष्टींचा, म्हणजे आयुष्यात घडून गेलेलं सगळं, आणि मोजमापातली चूकसुद्धा.

इथे एक गैरसमज नेहमी होतो, म्हणून थांबते. एक तृतीयांश म्हणजे "मावशीच्या दुखण्यातला तिसरा हिस्सा आजीकडून आला" असं नाही. हा आकडा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो लोकांमधल्या फरकाबद्दल आहे. वर्गातल्या मुलांच्या उंचीत फरक का, या प्रश्नाला "इतका भाग जनुकांमुळे" असं उत्तर देता येतं. पण एका मुलाच्या उंचीतले किती इंच बापाचे आणि किती दुधाचे, हे कुणी सांगू शकत नाही.

मग वॉरन चुकले आणि स्वीडन बरोबर? तसंही नाही. वॉरन यांच्याकडे डॉक्टरांनी निदान केलेले, बहुधा जास्त गंभीर रुग्ण होते. स्वीडनमध्ये प्रश्नावली होती, आत डोकावून कुणी पाहिलं नव्हतं. त्या तक्रारींखाली वेगवेगळे आजार असू शकतात. पाच वेगळ्या कारणांनी होणारी ओटीपोटाची कळ एकाच पिशवीत घातली, तर एखाद्या कारणामागचं जनुक ठळक असलं तरी बाकीच्या चार गटांच्या गर्दीत ते बुजून जातं.

पुन्हा हनरकडे

नंतरच्या काळात शोध दोन वाटांनी गेला. पहिली वाट कुटुंबांची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मर्ना वाइसमन यांच्या गटाला पॅनिक डिसऑर्डर असलेल्या काही कुटुंबांत मूत्राशयाच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीही एकत्र दिसल्या. धागा तेराव्या गुणसूत्राकडे जात होता. यूटामध्ये वंशावळी आणि वैद्यकीय नोंदी जोडलेला मोठा साठा आहे. तिथल्या रुग्ण जास्त असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासात २०१८ मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा पुढे आला. पट्टा सापडणं म्हणजे गल्ली सापडणं, घर नंबर नाही.

२०२३ मध्ये बोस्टनमधल्या गटाने १०९ रुग्णांची जनुकं अक्षरन् अक्षर वाचली. त्यात काही थोड्या रुग्णांत दोन जनुकांमध्ये दुर्मिळ बदल दिसले. ही दोन्ही जनुकं पेशीत कॅल्शियमची ने-आण करणारे पंप बनवतात. ती बिघडली की डॅरियर आणि हेली-हेली नावाचे त्वचेचे आजार होतात, ज्यांत शेजारच्या पेशी एकमेकींना धरून ठेवू शकत नाहीत. मूत्राशयाचं अस्तरही पेशींच्या घट्ट विणीवरच टिकतं, नाहीतर लघवीतले क्षार आत झिरपतील. म्हणून हा धागा मला फार रोचक वाटतो. पण तो मोजक्या रुग्णांपुरता आहे.

दुसरी वाट टोकियोची, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी गोष्ट. त्याच वर्षी तिथल्या संशोधकांनी ठरवलं की "मूत्राशय दुखणारे सगळे" घ्यायचेच नाहीत. दुर्बिणीतून हनरचे डाग दिसलेले रुग्णच घ्यायचे. असे फक्त १४४ रुग्ण मिळाले. तुलनेसाठी ४१,५१६ लोक. आमच्या क्षेत्रात संपूर्ण जनुकसंच चाळायचा तर हजारो रुग्ण लागतात. १४४ म्हणजे लोक हसतील. पण सहाव्या गुणसूत्रावर स्पष्ट खूण सापडली, आणि तीही एचएलए जनुकांच्या भागात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपलं कोण आणि परकं कोण हे ज्यांच्या मदतीने ओळखते, ती ही जनुकं. स्वतःच्याच पेशींवर हल्ला होणाऱ्या अनेक आजारांत याच भागाचं नाव येतं.

हा अभ्यास जपानी लोकांपुरता आहे, दुसरीकडे तसंच दिसेल असं गृहीत धरता येत नाही. तरी धडा स्वच्छ आहे. १९१५ मध्ये हनरनी जो गट डोळ्यांनी वेगळा काढला होता, तो जनुकांच्या पातळीवरही वेगळा निघाला. अचूक निवडलेल्या १४४ जणांनी जे दाखवलं, ते सरसकट गोळा केलेल्या हजारोंनी दाखवलं नव्हतं.

मग बहिणीला काय सांगितलं?

मी तिला परत फोन केला. आधी माफी मागितली. मग सांगितलं:

आईला आहे म्हणून तुला होणारच, असं मुळीच नाही. शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असू शकते, पण बहुतेक मुलींना होत नाही. हे आधी कळावं म्हणून करता येईल अशी कुठली जनुकचाचणी आज नाही, त्यामुळे कुणी पॅकेज विकायला आलं तर पैसे घालवू नकोस. उद्या तुला असं दुखायला लागलं आणि कल्चर पुन्हा पुन्हा कोरं आलं, तर आईची हकीकत डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांग. आणि दुर्बिणीत हनरचे डाग दिसतात का, हे विचार. ते असले तर तेवढा भाग जाळून किंवा तिथे इंजेक्शन देऊन बऱ्याच जणींना आराम पडतो. तो उपचार डाग नसलेल्यांना लागू होत नाही. म्हणून आपण कुठल्या गटात आहोत हे कळणं महत्त्वाचं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आईला कुठल्या गटात टाकलंय?"

मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत मावशीच्या आजाराबद्दल मी कितीदा ऐकलं असेल, पण तिची फाइल कधी उघडली नव्हती. पुढच्या रविवारी गेले. प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावलेले कागद होते, अगदी पहिल्या कल्चरपासूनचे. दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट शेवटून दुसरा. त्यात डागांचा उल्लेख नव्हता. नाहीत असंही लिहिलं नव्हतं; ती ओळच नव्हती.

पुढच्या अपॉइंटमेंटला मी सोबत जाणार आहे. मावशीने प्रश्न लिहून ठेवायला सांगितलेत, आणि वाटेत दोनदा थांबता येईल अशी गाडी बघायला.